वजने आधी की धावणे आधी?

या वेळच्या पत्रांत बहुतेकांचा पेच एकच आहे: चरबी कमी करायची आहे, व्यायामही सुरू केला आहे; मात्र वजने उचलावीत की घाम निघेपर्यंत चालावे-धावावे, म्हणजे जिमच्या भाषेत ‘कार्डिओ’ करावा, हे ठरत नाही. म्हणून या विषयावरील पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण पुढच्या बहुतेक शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझे वय 36 वर्षे, वजन 82 किलो. दिवसाचा बहुतेक वेळ संगणकासमोर बसून जातो. दोन महिन्यांपूर्वी जिममध्ये जाऊ लागलो. तेथील एक प्रशिक्षक म्हणतात, आधी तीन महिने फक्त ट्रेडमिल करा, वजन उतरले की मग डंबेल हातात घ्या. दुसरे म्हणतात, कार्डिओने स्नायू झडतात, त्याच्या नादी लागू नका. मी दोन्ही थोडे थोडे करतो आणि दोन्हींविषयी शंका घेऊनच घरी येतो. दोन्ही एकत्र करता येतात का? येत असतील, तर आधी काय करावे?

उत्तर : दोन्ही एकत्र करता येतात, किंबहुना तुमच्यासारख्या नवशिक्याने ते एकत्रच करावेत. तुमच्या दोन्ही प्रशिक्षकांच्या बोलण्यात तथ्य आहे, परंतु प्रत्येकाने आपल्या सोयीची बाजू तेवढी सांगितली आहे.

दिवसभरात खर्च होते त्यापेक्षा कमी ऊर्जा अन्नातून मिळाली, की शरीर ती तूट स्वतःच्या साठ्यातून भरून काढते. हा साठा मुख्यतः चरबीचा असला, तरी गरजेप्रमाणे स्नायूंमधील प्रथिनेही मोडली जातात. व्यायाम न करता केवळ खाणे कमी करून वजन उतरवले, तर उतरलेल्या वजनाचा ढोबळमानाने चौथा हिस्सा चरबीचा नसतो. ज्या स्नायूंकडून नियमितपणे जड काम करून घेतले जाते, त्यांना मात्र शरीर सहजासहजी हात लावत नाही. म्हणजे चरबी कमी करण्याच्या काळात वजने उचलायची ती प्रामुख्याने असलेले स्नायू राखण्यासाठी. तूट निर्माण करण्याचे मुख्य काम आहाराचे आणि त्याला हातभार लावण्याचे काम कार्डिओचे. या तीन कामांची सरमिसळ झाली, की तुमच्यासारखा गोंधळ होतो.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. वजन जास्त असलेल्या, बैठे आयुष्य जगणाऱ्या प्रौढांचे तीन गट करून आठ महिने एका गटाकडून केवळ कार्डिओ, दुसऱ्याकडून केवळ वजनांचा व्यायाम आणि तिसऱ्याकडून दोन्ही करून घेण्यात आले. चरबी घटवण्यात पहिला आणि तिसरा गट पुढे राहिला, तर स्नायू वाढवण्यात दुसरा आणि तिसरा. आहारात बदल न करता केवळ वजने उचलणाऱ्यांची चरबी फारशी हलली नाही. दोन्ही पदरात पडले ते तिसऱ्या गटाच्या. मात्र त्यासाठी त्यांना जवळपास दुप्पट वेळ द्यावा लागला, आणि या अभ्यासाचे दाखले देणारे नेमकी हीच गोष्ट गाळतात.

‘स्नायू वाढले की झोपेतही चरबी जळते’ हे वाक्य तुम्ही जिममध्ये ऐकले असेलच. ते खोटे नाही, पण फार फुगवलेले आहे. विश्रांतीच्या स्थितीत एक किलो स्नायू दिवसाला साधारण 13 किलोकॅलरी खर्च करतो आणि एक किलो चरबी साडेचारच्या आसपास. पहिल्या वर्षात कष्टाने दोन किलो स्नायू कमावलात, तरी त्यातून रोजचा वाढीव खर्च एखाद्या घासाच्याही पुढे जात नाही. वजने उचलण्याची कारणे यापेक्षा पुष्कळ भक्कम आहेत; त्यासाठी या वाक्याचा आधार घेण्याची गरज नाही.

आता कार्डिओने स्नायू झडतात या भीतीकडे वळू. तिचा उगम संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 मधील एका प्रसिद्ध प्रयोगात सापडतो. त्यांनी एका गटाकडून दहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पायांचा जड वजनांचा व्यायाम आणि सहा दिवस दमछाक करणारे सायकलिंग व धावणे असे दोन्ही करून घेतले. सुरुवातीचे सहा-सात आठवडे या गटाची ताकद केवळ वजने उचलणाऱ्या गटाइतकीच वाढत गेली. त्यानंतर ती थांबली आणि शेवटी शेवटी घसरली. यातून निष्कर्ष काढताना आकड्यांकडे नीट पाहावे: आठवड्यातून एकूण अकरा कठोर सत्रे! तुम्ही तीन दिवस वजने उचलून दोन दिवस भरभर चालणार असाल, तर ही अडचण तुमच्या वाटेला येण्याची शक्यता जवळजवळ नाही. स्नायू झडतात ते बहुधा अपुऱ्या आहाराने, अपुऱ्या प्रथिनांनी आणि अपुऱ्या झोपेने. दोष मात्र ट्रेडमिलच्या माथी मारला जातो.

एकाच दिवशी दोन्ही करायचे असल्यास आधी वजने आणि नंतर कार्डिओ, असा क्रम ठेवावा. चरबी घटण्याच्या दृष्टीने क्रमाने फरक पडत नाही, परंतु थकलेल्या पायांनी स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा) किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे) केल्यास ताकद कमी वाढते आणि नवशिक्याची ढबही बिघडते. दमल्यानंतर चालण्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. पाठीवर बारबेल (वजने लावलेला लांब दांडा) घेऊन वाकण्यात पुष्कळ असते. आधी पाच-सात मिनिटे हलके चालून अंग मोकळे करणे मात्र हवेच, आणि त्याला कोणी कार्डिओ समजू नये.

आठवड्याची आखणी अशी करता येईल. एक दिवस सोडून एक असे तीन दिवस संपूर्ण शरीराचा वजनांचा व्यायाम घ्या. त्यात बैठक किंवा स्क्वॉट, कमरेतून वाकून वजन उचलणे, छातीपासून दूर ढकलणे, छातीकडे ओढणे आणि पोट-कंबर स्थिर ठेवणारा प्लँकसारखा एखादा प्रकार, एवढ्या पाच गोष्टी आल्या की पुरे. प्रत्येकाचे दोन ते तीन सेट (म्हणजे फेऱ्या), सेटमध्ये 8 ते 12 रेप्स (म्हणजे आवर्तने) आणि मध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती असावी. सेट संपताना आणखी दोन-तीन रेप्स जमल्या असत्या असे वाटावे इतकेच वजन निवडा. हात थरथरेपर्यंत ताणण्याची सध्या आवश्यकता नाही. सर्व सेटमध्ये 12 रेप्स नीट जमू लागल्या, की उपलब्ध असेल तेवढे लहानात लहान वजन वाढवा. हे टप्प्याटप्प्याने भार वाढवणे हाच या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे दुबळे पडलेले स्नायू याच पद्धतीने बळकट केले आणि 1945 मध्ये ती पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. त्यानंतर यंत्रे चकचकीत झाली, तत्त्व तेच राहिले.

उरलेल्या दिवसांपैकी दोन-तीन दिवस 30 ते 45 मिनिटे भरभर चालणे, सायकल चालवणे किंवा पोहणे ठेवा. वेग ओळखण्याची सोपी खूण अशी की, बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे तीव्र व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. वरील आखणीत वजनांची अट पूर्ण होते; चालण्याची बेरीज मात्र 60 ते 135 मिनिटांची होते, म्हणजे 150 पेक्षा कमीच. धाप लागेपर्यंत धावण्याचे छोटे छोटे टप्पे पहिले सहा ते आठ आठवडे टाळा आणि नंतरही आठवड्यातून एकदाच, पायांचा जड व्यायाम नसलेल्या दिवशी घ्या.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर वजनांचे तीन दिवस काही झाले तरी मोडू नयेत आणि कार्डिओ वेळेप्रमाणे, अंगातील थकव्याप्रमाणे कमी-जास्त करावा. बहुतेक लोक याच्या बरोबर उलट वागतात. उत्साहाच्या भरात रोज तासभर धावतात, मग वजनांच्या दिवशी अंगात त्राण उरत नाही, आणि दोन महिन्यांनी वजनकाट्यावरचा आकडा उतरलेला असला तरी पोट तसेच आणि दंड मात्र बारीक, अशी स्थिती होते. आहारात रोजच्या गरजेपेक्षा 300 ते 500 किलोकॅलरींची तूट ठेवा, त्याहून मोठी नको. प्रथिने शरीराच्या दर किलो वजनामागे 1.6 ग्रॅमच्या आसपास असावीत. तुमच्या वजनाला ती दिवसाला साधारण 130 ग्रॅम होतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नका.

प्रश्न : पाच आठवडे झाले, आठवड्यातून तीन दिवस वजने आणि दोन दिवस चालणे नेमाने करते आहे. खाण्यावरही लक्ष आहे. काटा मात्र 71 वरून हलायला तयार नाही. कपडे थोडे सैल झाल्यासारखे वाटतात, पण तो मनाचा खेळ असावा. माझे काय चुकते आहे?

उत्तर : कपडे मनाचे खेळ खेळत नाहीत, काटा मात्र खेळतो. नव्याने वजने उचलू लागलेल्या स्नायूंमध्ये दोन गोष्टी घडतात. सूक्ष्म इजा भरून येताना तेथे पाणी साचते आणि वाढत्या कामासाठी स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वाढवतात. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. त्यामुळे चरबी एक-दीड किलोने उतरलेली असतानाही काट्यावर ती दिसत नाही, असे पहिल्या महिन्या-दीड महिन्यात सर्रास घडते. नवशिक्यांना मिळणारी आणखी एक सवलत म्हणजे चरबी घटत असतानाच थोडे स्नायू वाढणे. मुरलेल्या व्यायामपटूंच्या नशिबी हे क्वचितच येते. मासिक पाळीच्या आगेमागे पाण्यामुळे वजन वर-खाली होते, ते वेगळेच.

यापुढे वजन रोज सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी करा, मात्र रोजच्या आकड्याकडे न पाहता सात दिवसांची सरासरी काढून मागील आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. पाळीच्या चक्रामुळे होणारी फसगत टाळायची असेल, तर चार आठवड्यांपूर्वीच्या त्याच आठवड्याशी केलेली तुलना अधिक विश्वासार्ह ठरते. बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर दर आठवड्याला एकदा, श्वास सहज सोडून मोजा. आणखी चार आठवड्यांनी घेर आणि सरासरी दोन्ही जागच्या जागी असतील, तर निष्कर्ष सरळ आहे: तुम्ही समजता तेवढी तूट प्रत्यक्षात पडत नाही. एक किलो चरबीत साधारण 7,700 किलोकॅलरी साठलेल्या असतात. रोज 200 किलोकॅलरींची तूट असेल तर किलोभर चरबी उतरायला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागतो, आणि सुट्टीच्या दिवशीच्या दोन सढळ जेवणांत आठवडाभराची तूट भरून निघते. अशा वेळी व्यायाम वाढवण्याआधी एक आठवडा खाल्लेले सर्व काही लिहून काढावे. चव घेऊन पाहिलेले आणि मुलांच्या ताटात उरलेलेही.

प्रश्न : मनगटावरचे घड्याळ दर व्यायामानंतर 500-600 किलोकॅलरी खर्च झाल्याचे दाखवते. तेवढे अधिक खाल्ले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. हृदयाचे ठोके घड्याळ बऱ्यापैकी मोजते, परंतु त्यावरून काढलेला ऊर्जेचा अंदाज पुष्कळदा चुकतो, आणि वजनांच्या व्यायामात तर अधिकच; कारण तेथे ठोके वाढण्याचे कारण नेहमी ऊर्जेचा मोठा खर्च हेच नसते. 80 किलो वजनाची व्यक्ती ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने पाऊण तास चालली, तर 240 किलोकॅलरींच्या आसपास खर्च होतात आणि त्यांतील सुमारे 60 तर ती खुर्चीत बसून राहिली असती तरी झाल्याच असत्या. घड्याळाचा उपयोग कालच्यापेक्षा आज अधिक हालचाल झाली की कमी, एवढे पाहण्यापुरता करावा.

प्रश्न : पोटाची चरबी आधी जावी म्हणून रोज 200 क्रंचेस करतो आणि पोटाला घाम आणणारा पट्टा बांधून धावतो. पट्टा सोडल्यावर घेर कमी भरतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ववत. उपाय सुचवावा.

उत्तर : पट्टा काढून ठेवणे हाच पहिला उपाय. त्याने जाते ते पाणी, आणि दोन ग्लास पाणी प्यायल्यावर ते परत येते. चरबी घामातून वितळून बाहेर पडत नाही. तिचे ज्वलन झाल्यावर जे उरते त्याचा मोठा हिस्सा कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो. हिशेबच मांडायचा, तर 10 किलो चरबीपैकी सुमारे 8.4 किलो श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या 1.6 किलोचे पाणी होते.

विशिष्ट जागेचा व्यायाम केल्याने तेथील चरबी आधी जाते, या समजुतीची टेनिसपटूंवर झालेली एक सुंदर तपासणी आहे. टेनिस खेळणाऱ्याचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक राबतो. 1971 मध्ये संशोधकांनी अशा खेळाडूंच्या दोन्ही हातांच्या कातडीखालची चरबी मोजली. राबणारा हात घेराने मोठा होता, कारण त्यातील स्नायू वाढलेले होते. चरबीचा थर मात्र दोन्हींकडे सारखाच निघाला. क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतील, तेवढ्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा करा. चरबी कोठून आधी जावी, हे तुमची अनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात.

प्रश्न : वजने उचलल्याने शरीर पुरुषी दिसू लागेल, अशी भीती वाटते. केवळ झुंबा केला तर? (वय 29)

उत्तर : स्त्रियांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक पुरुषांच्या तुलनेत कितीतरी पटींनी कमी असते, आणि ज्या स्त्रियांचे पिळदार शरीर पाहून तुम्हाला धास्ती वाटते त्यांनी त्यामागे अनेक वर्षे घालवलेली असतात. आठवड्यातून तीन तासांत, त्यातही कमी खात असताना, ते चुकून घडत नाही. झुंबा आवडत असेल तर तो तुमचा कार्डिओ समजा आणि बाकीचे पहिल्या उत्तराप्रमाणे करा.

प्रश्न : माझे वय 58. रक्तदाबासाठी गोळी चालू आहे, आणि जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. वजन 90 किलो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही फक्त चाला, वजनांच्या भानगडीत पडू नका.’ त्याचे म्हणणे मान्य करावे का?

उत्तर : मुलाची काळजी रास्त आहे, पण सल्ला अर्धाच मान्य करावा. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही गती वाढते. त्यामुळे तुमच्या वयात वजनांच्या व्यायामाची गरज तुमच्या मुलाहून तुम्हालाच अधिक आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले, की गुडघेदुखीतही पुष्कळांना आराम पडतो.

तरीही सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा, आणि गोळीचे नाव त्यांच्यासमोर ठेवून नेमके हे विचारा की तिच्यामुळे हृदयाचे ठोके दबतात का. बीटा-ब्लॉकर गटातील औषधांमुळे तसे होते, आणि मग ‘220 वजा वय’ या, ठोक्यांची कमाल मर्यादा सांगणाऱ्या ठोकताळ्यावर बेतलेले ठोक्यांचे सारे तक्ते तुमच्यापुरते निरुपयोगी ठरतात. तुम्ही पहिल्या उत्तरातील बोलण्याच्या खुणेवरच विसंबा. वजन उचलताना श्वास रोखून धरल्याने रक्तदाब क्षणात फार वर जातो, म्हणून उचलताना श्वास सोडायचा आणि खाली आणताना घ्यायचा, ही सवय रिकाम्या हातांनीच अंगवळणी पाडा. वजन असे निवडा की 12 ते 15 रेप्स आरामात व्हाव्यात. स्क्वॉटऐवजी खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे चालेल. खुर्ची जितकी उंच, तितका गुडघ्यावरचा ताण कमी. धावू नका. सपाट जागी चालणे किंवा स्थिर सायकल तुम्हाला पुरेशी आहे. व्यायामानंतर अचानक थांबल्यास चक्कर येऊ शकते, म्हणून शेवटची पाच मिनिटे वेग हळूहळू उतरवा. छातीत दाटणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येणे किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तेथेच थांबवून लगेच वैद्यकीय मदत घ्या.

प्रश्न : पहिल्याच दिवशी जोशात व्यायाम केला आणि तीन दिवस जिना उतरता आला नाही. त्यात आजारपण आले आणि तीन आठवडे सुटले. आता पुन्हा सुरुवात कोठून करावी?

उत्तर : व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग सर्वाधिक दुखते आणि मग आपोआप उतरते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र दुखणे असह्य असेल, स्नायू सुजले असतील आणि लघवीचा रंग काळपट चहासारखा झाला असेल, तर ती स्नायूपेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्याची खूण असू शकते आणि मूत्रपिंडांना त्यापासून धोका असतो; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तीन आठवड्यांच्या खंडाने ताकद फारशी जात नाही, दम मात्र लवकर जातो, कारण रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या काही दिवसांतच घटू लागते. त्यामुळे जुने वजन हातात ओळखीचे वाटेल आणि जुन्या वेगाने चालताना मात्र धाप लागेल. पहिल्या आठवड्यात पूर्वीच्या निम्म्या ते दोन तृतीयांश वजनाने प्रत्येक व्यायामाचा एकच सेट करा आणि 20 मिनिटे सावकाश चाला. दुसऱ्या दिवशी जिना नेहमीसारखा उतरता आला, तर पुढच्या आठवड्यात दुसरा सेट जोडा.